रंग गेलेलं पाणी

बेळगावात खासबागेतल्या आक्काच्या घरामागच्या परड्यातली विहीर पहिल्यांदा लालसर झाली, तेव्हा मी पाण्यातला रंग घालवण्यावरच पीएच.डी. करत होते. लोकांना वाटतं, विहीर बघून मी तो विषय घेतला असेल. तसं काही नव्हतं. विषय दोन वर्षं आधी सरांनी सुचवला होता आणि त्याला लागणारी यंत्रं आमच्या प्रयोगशाळेत होती, म्हणून मी तो घेतला. विहिरीचं नंतर झालं.

विषय सांगायला सोपा आहे. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये असते तसली एक पूड, टायटॅनियम डायऑक्साइड, रंगीत पाण्यात टाकायची आणि ते पाणी उन्हात ठेवायचं. उन्हातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी पुडीचे कण चेततात आणि आजूबाजूच्या रंगाचे रेणू तोडायला लागतात. पूड मात्र संपत नाही, पुन्हा वापरता येते. याला फोटोकॅटॅलिसिस म्हणतात. मी निळं पाणी बीकरात घालून विभागाच्या गच्चीवर ठेवायची आणि दर थोड्या वेळानं चमचाभर काढून खाली यंत्रात त्याचा रंग मोजायची. दुपार कलेपर्यंत निळ्याचं आभाळी आणि आभाळीचं नितळ पाणी व्हायचं. शंभरदा बघितलं असेल, तरी दर वेळी मी शेवटचा निळेपणा जाईपर्यंत तिथंच उभी राहायची.

आम्ही मूळचे निपाणीचे. आई विड्या वळायची. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सातवीनंतर तीही मांडीवर सूप घेऊन आईशेजारी बसली आणि मला पुढं शाळेत घातलं. तिला थांबवायचं आणि मला शिकवायचं, असं कुणी बसून ठरवलं नव्हतं. मी लहान होते आणि माझे हात अजून कामाला आले नव्हते, एवढंच. पुढं ते आले तरी आईनं मला सुपाला हात लावू दिला नाही.

आईच्या लहानपणी तिच्या गावात आमच्या लोकांना विहिरीवर चढू देत नसत. खाली घागर ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतायचे. ही गोष्ट तिनं आम्हाला एकदाच सांगितली, तीही विडीची पानं कापता कापता, मान वर न करता. पण आक्काला खासबागेतलं स्थळ आलं, तेव्हा मुलगा किती शिकलाय, घर केवढं आहे, यातलं आईनं फारसं काही विचारलं नाही. "परड्यात हीर हाय. सोताची," एवढंच ती गल्लीत भेटेल त्याला सांगत सुटली. पुढं लेकीकडं गेली की ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठून त्या विहिरीचं पाणी ओढायची. गरज नसतानाही दोन घागरी जास्त काढायची. आई वारली तेव्हा विहीर अजून स्वच्छ होती. हे मला पुष्कळदा आठवतं आणि बरं वाटतं.

दाजी, म्हणजे आक्काचे मालक, दोन गल्ल्या पलीकडच्या रंगाच्या शेडमध्ये कामाला होते. मागांवर साड्या विणायला लागणारं सूत तिथं रंगवायचं. सुताच्या लडी उकळत्या रंगात घालायच्या, काठीवर फिरवायच्या, धुवायच्या, वाळत टाकायच्या. तीस वर्षं हेच काम करून त्यांच्या नखांचा रंग कायमचा बदलला होता. शांत माणूस. मला ते "मॅडम" म्हणायचे, थोडं चेष्टेनं आणि थोडं अभिमानानं.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला आक्काचा फोन आला. हिरीला काय झालंय बघून जा, म्हणाली. मी विद्यापीठातून तशीच गेले. तिनं बादली ओढून माझ्यापुढं ठेवली. पाण्यात कोकम भिजवल्यावर पहिल्या मिनिटाला येतो तसा रंग होता, फार नाही, पण होता. दाजी तेव्हाच जेवायला घरी आले होते. त्यांनी वाकून बादलीत बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "परवाचा राणी कलर हाय ह्यो."

त्या भागात अशा तीन-चार शेड होत्या. सगळ्यांचं धुतलेलं पाणी मागच्या गटारीला जायचं, आणि ती गटार कुठंतरी आत फुटली असावी. त्या वर्षी विहिरीचं पाणीही खोल गेलं होतं. पुढच्या आठवड्यात पाणी हिरवट झालं. मग जांभळट. बादली वर आली की दाजी बघायचे आणि शेडमध्ये कधी काय रंगवलं होतं ते सांगायचे. त्यांचं कधी चुकत नसे. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. पिण्यापासून धुण्यापर्यंत घराची सगळी भिस्त विहिरीवर होती.

आक्का म्हणाली, "तू ह्येच शिकतीस न्हवं?"

मी व्हय म्हटलं.

आधी मी शेडमधलंच पाणी कॅनमधून प्रयोगशाळेत नेलं. वाटलं, मुळाशीच जावं. पण ते गडद पाणी उन्हात दिवसभर ठेवलं तरी त्याचा रंग हलला नाही. त्यात मीठ होतं, साबण होता, सुताची खळ होती, आणि रंग इतका दाट की ऊन आत शिरतच नव्हतं. सर हसले. बीकरातलं पाणी सगळ्यांचं साफ होतं, म्हणाले, खरं पाणी आणलं की सगळे गप्प होतात. मग मी विहिरीचं पाणी घेतलं. ते पातळ होतं. त्याचा रंग मात्र गेला.

मग मी आक्काच्या गच्चीवर एक मांडणी उभी केली. खिडकीच्या काचांच्या पट्ट्या कापून आणल्या, त्यांच्यावर पुडीचा थर दिला, भट्टीत तापवून तो पक्का केला आणि त्या पत्र्याच्या उतरत्या ताटात बसवल्या. माशांच्या टाकीत असते तसली छोटी मोटर पाणी वर चढवायची, पाणी काचांवरून पातळ होऊन खाली बादलीत यायचं आणि पुन्हा वर जायचं. सकाळी दहाला गुलाबी पाणी ओतलं की दुपारी तीनला ते स्वच्छ दिसायचं. शेजारच्या बायका वाळवणाचं निमित्त काढून आपापल्या गच्चीवर यायच्या आणि बघत राहायच्या. आक्का त्यांना ताट दाखवायची. माझ्या बहिणीनं केलंय, म्हणायची, औषध न्हाय, मशीन न्हाय, नुसतं ऊन. त्या दिवसांत मी फार खुशीत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं शिक्षण घरात कुणाच्या तरी कामाला आलं होतं.

सरांनी मात्र एक साधी गोष्ट विचारली. रंग गेला, पण रंग जाऊन काय राहिलं? पाण्यात अजून किती सेंद्रिय घाण शिल्लक आहे हे सांगणारी एक चाचणी असते. ती मी केली. रंग जवळजवळ पूर्ण गेला होता, पण घाण फारशी हललीच नव्हती. म्हणजे रंगाचे रेणू तुटले होते, संपले नव्हते. त्यांचे तुकडे पाण्यातच होते, फक्त त्या तुकड्यांना रंग नव्हता. आणि काही रंगांचे तुकडे मूळ रंगापेक्षा वाईट असतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं.

मी आक्काला सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, एका संध्याकाळी बस पकडायच्या घाईत, दारात चप्पल घालता घालता म्हटलं की हे पाणी पिऊ नका, धुण्या-पुसण्याला वापरा. तिनं बरं म्हटलं. आत कुकरची शिट्टी होत होती. तिनं नीट ऐकलं की नाही, हे मी वळून बघितलं नाही.

मग माझा एक पेपर परत आला, तो दुरुस्त करण्यात दोन-तीन आठवडे गेले. एका रविवारी दुपारी मी खासबागेत गेले. भाची, आक्काची लेक, माहेरी आली होती, पहिलटकरीण, सातवा महिना. आक्कानं चहा केला. मी अर्धा कप प्याले असेन. समोर भाची तांब्यानं पाणी पीत होती. नळाला बारा दिवस पाणी नव्हतं, टँकर गल्लीच्या तोंडाशीच संपून जायचा, हे आक्का सांगत होती. मग म्हणाली, "चहा गोड लागतोय का बघ. पाणी तुझं हाय."

मला आधी कळलंच नाही. मग मी विचारलं, कधीपासनं.

आठ-धा दिस झालं, ती म्हणाली. उकळून घेतोय न्हवं.

भाची हसत होती. सासरी फोन करून तिनं सांगितलं होतं की मावशीनं उन्हात केलेलं पाणी आम्ही पितो. मी कप खाली ठेवला. मुद्दाम हळू ठेवला, पण आक्कानं ते बघितलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मग भाचीच्या हातातल्या तांब्याकडं.

"रंग गेला न्हवं?" तिनं विचारलं.

"गेला."

"वास हाय काय?"

"न्हाय."

"मग काय हाय त्यात?"

"मला म्हाईत न्हाय, आक्का."

तिनं भाचीच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि मोरीत ओतला. पलीकडच्या घरातल्या मागाचा खटाखट आवाज चालू होता. भाचीनं विचारलं, मावशी, बाळाला काय होईल का? मी काही होणार नाही म्हणाले. ते मी कशाच्या आधारावर म्हणाले, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, पाण्यात नेमका कुठला पदार्थ होता आणि किती होता. मी रसायनशास्त्राची बाई, त्यांच्यासमोर बसून होते आणि मला नाव सांगता येत नव्हतं. दर आठवड्याला शेडमधला रंग बदलायचा, त्याबरोबर तुकडे बदलायचे. त्या म्हणाल्या, नाव असतं तर मी काहीतरी बघितलं असतं. लोहाच्या गोळ्या चालू ठेवा, तपासणी चुकवू नका. त्यांनी बाळाचे ठोके, भाचीचं वजन, सगळं बघितलं. सगळं ठीक होतं.

गच्चीवरच्या बादलीतलं उरलेलं पाणी मी बाटल्यांत भरलं आणि ओळखीनं एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. महिन्यानं अहवाल आला. बहुतेक नावांपुढं "आढळले नाही" किंवा "मोजता येण्याच्या मर्यादेच्या खाली" असं होतं. शेवटी दोन गोष्टींपुढं लिहिलं होतं, "ओळख पटली नाही." तो कागद मी किती वेळा वाचला असेन. त्या दोन गोष्टी काहीच नसतील, किंवा तेच सगळं असेल.

भाचीला मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं चांगलं. आता ती पळते, बडबडते, मला मागून येऊन मिठी मारते. तिचे दात आले तेव्हा मी बघितले, ती चालायला लागली तेव्हा पावलं बघितली. सगळं जसं असावं तसं आहे. पण मी बघायची थांबत नाही, आणि कधी थांबायचं हे मला कुणी सांगू शकत नाही.

अहवाल आला त्याच आठवड्यात मी गच्चीवरची मांडणी काढायला गेले. जाऊन बघते तर आक्कानं ती आधीच काढून ठेवली होती. काचेची एक-एक पट्टी धुऊन, पुसून, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून खोक्यात भरली होती. एकही फुटली नव्हती. ती मला रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तिनं खोकं माझ्या हातात दिलं आणि जेवून जा म्हणाली. जेवताना मी म्हटलं, चूक माझी हाय, मी नीट सांगायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "तू सांगितलंतंस. मलाच वाटलं, तू उगंच भितीस." मग तिनं माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

माझ्या हातात आता एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे तक्रार. मी प्रदूषण मंडळाला कानडीत अर्ज लिहिला. त्यात शेडची जागा, गटार, विहिरीच्या पाण्याचे आकडे, सगळं होतं. माझं कानडी कच्चं, म्हणून तो दाजींना तपासायला दिला. ते चष्मा लावून खाटेवर बसले आणि सावकाश वाचत गेले. दोन ठिकाणी त्यांनी माझं व्याकरण सुधारलं. मग कागद गुडघ्यावर ठेवला.

"बरोबर लिवलंय मॅडम. एक शबूद खोटा न्हाय," ते म्हणाले. "पर उद्या शेड बंद झाल्यावर मी सकाळी उठून कुठं जाऊ, त्ये बी लिवा की खाली."

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते. आक्का आत होती, तिनंही ऐकलं असणार, पण ती बाहेर आली नाही. मी अर्ज परत घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, तिथून तो फाईलमध्ये गेला. मी तो दिला नाही. त्या गल्ल्यांत आणखीही विहिरी होत्या आणि त्यांचं पाणी पिणारी आणखीही घरं होती, हे मला माहीत होतं. मी त्यांच्यातल्या दोन-चार घरी जाऊन हिरीचं पाणी पिऊ नका असं सांगून आले. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, मग कुठलं पिऊ. मी नळाचं म्हणाले. तिनं दारातला कोरडा नळ फिरवून दाखवला.

सहा-सात महिन्यांनी दुसऱ्याच कुणीतरी तक्रार केली. मंडळाची माणसं येऊन बघून गेली, शेड काही दिवस बंद राहिल्या, आणि मग एकेक करून गावाबाहेर गेल्या. दाजींचं काम सुटलं नाही. ते आता सकाळी सहाला डबा घेऊन टेम्पोनं जातात. नवी जागा कशी आहे, असं मी एकदा विचारलं. मोकळी हाय, म्हणाले, वारं चांगलं लागतं. मग जेवता जेवता त्यांनी सांगितलं की शेडच्या मागं ओढा आहे, खालच्या वस्तीवरची म्हसरं तिथं पाण्याला येतात. हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

दोन पावसाळे गेले आणि विहिरीचा रंग आपोआप गेला. आक्काचा फोन आला, हिरीचं पाणी पयल्यासारखं झालं म्हणून. तिच्या आवाजात पुष्कळ दिवसांनी आनंद होता. मी बाटली भरून नेली, होत्या तेवढ्या चाचण्या केल्या. मीठ अजून जास्त होतं. बाकीचं मला मोजता येत होतं तेवढं कमी झालं होतं, आणि मोजता येत नव्हतं त्याबद्दल मी काही सांगू शकत नव्हते. पिऊ नका, एवढंच मी म्हणाले. या वेळी तिनं काय हाय त्यात असं विचारलं नाही. आता त्या पाण्यावर धुणं, भांडी, संडास एवढंच चालतं.

मला पदवी मिळाली. शेवटच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी प्रबंधातलं आक्काच्या विहिरीवरचं प्रकरण उचलून धरलं. प्रत्यक्ष पाण्यावर काम करायला धाडस लागतं, म्हणाले. पडद्यावर माझा आलेख होता, त्यात रंगाची रेघ झपकन खाली येत होती आणि दुसरी, उरलेल्या घाणीची रेघ जवळजवळ आडवीच. पुढं काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी सगळे सांगतात तेच सांगितलं, की तुकड्यांचीही पूर्ण विल्हेवाट लावणारा उत्प्रेरक शोधायचा आहे. टाळ्या वाजल्या. दाजी मागच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. आक्का आली नव्हती. त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं.

आता मी निपाणीत कॉलेजला शिकवते. कॉलेजच्या गच्चीवर माझे बीकर असतात, विद्यार्थी येऊन निळं पाणी नितळ होताना बघतात आणि मोबाईलवर फोटो काढतात. मी त्यांना दोन्ही रेघा दाखवते. पहिली बघून ते खूश होतात, दुसरी कुणी फारशी बघत नाही.

आक्काचे गुडघे दुखतात. म्हणून पाण्याच्या दिवशी मला जमलं तर मी रजा टाकून बसनं बेळगावला जाते. गेल्या महिन्यात गेले तेव्हा अकराच्या सुमाराला पाणी आलं. पहिली दोन मिनिटं नुसती हवा, मग गढूळ, मग बरं. आक्का नळाशी पाटावर बसली, मी भरलेल्या घागरी आत नेऊन पिंपात ओतत होते. मध्येच तिनं विचारलं, सध्या काय चाललंय तुझं? मी सांगितलं, तेच चाललंय, पाण्यात शेवटी उरतं ते घालवायचं बघतेय.

"किती दिस लागतील?"

मी म्हणाले, सांगता येत न्हाय. मला लागतील, का माझ्यानंतरच्या कुणाला.

"बरं," ती म्हणाली. घागर भरली होती. तिनं ती माझ्याकडं सरकवली आणि दुसरी नळाखाली धरली.